वाडा दाखवता, मग वेस का लपवता?



अलीकडे ‘हेरिटेज वॉक’ नावाचा प्रकार शहरातून खेड्यात पोहोचला आहे. रविवारी सकाळी गाड्या येतात, वाडा, घाट, देऊळ, दगडी बोळ असे फोटो निघतात आणि दोन तासांत ‘ऐतिहासिक गाव’ पाहून होते. जुन्या वास्तू पाहायला आमचा विरोध नाही, उलट आपल्या पोरांनी त्या जास्त बारकाईने पाहाव्यात. आमचा आक्षेप ही फेरी जिथे थांबते त्या जागेला आहे.

मेणवलीच घ्या. वाईजवळ, कृष्णेच्या काठी वसलेले हे गाव १७६८ च्या सुमारास नाना फडणविसांना मिळाले. लक्षात घ्या, गाव मिळाले. नुसती जमीन नाही, तिच्यावर राबणारी माणसेही. नानांनी तिथे अनेक चौकांचा वाडा उभा केला, घाट बांधला, मेणवलेश्वराचे देऊळ उठवले. तिथली प्रचंड घंटा वसईच्या मोहिमेनंतर (१७३९) आणलेली चर्चची घंटा आहे. वाड्यातली भित्तिचित्रे, सागवानी खांब, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, सगळे खरोखर पाहण्यासारखे आहे. ‘स्वदेस’ (२००४) या सिनेमाचे चित्रण याच गावात झाले. त्यात एक प्रसंग आहे. गावात सिनेमा दाखवतात तेव्हा खालच्या जातीची पोरे पडद्याच्या मागच्या बाजूला बसतात आणि नायक तो पडदाच खाली ओढतो. सिनेमावाल्यांना गावात पडदा दिसला. मेणवलीत आम्ही ज्या फेरीबरोबर चाललो, तिच्या वाटाड्याला काही तो दिसला नाही.

आम्ही हा विषय काढला की ठरलेले उत्तर येते, ‘अहो, दगडाला कसली आली जात?’ दगडाला नसेल, पण तो कुठे बसवायचा हे जातीनेच ठरवले आहे. वाड्याचे जोते घडवणारा पाथरवट, चुना, वीट, लाकूड वाहणारा वेठबिगार, सरपण फोडून आणून टाकणारा महार, यांपैकी किती जणांना त्या वाड्याच्या माजघरापर्यंत जाता येत होते? देवडी, ओसरी, सोपा, माजघर, देवघर हा नुसता खोल्यांचा क्रम नाही. कोण कुठपर्यंत आत येईल, याची ती उतरंड आहे. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी वाड्याचा नकाशा काढतात तेव्हा त्यावर एवढे एक लिहीत जावे, बाकी आपोआप कळेल.

आणि हीच उतरंड अख्ख्या गावाला लागू होते. जुन्या देशावरच्या गावाची वस्ती म्हणजे ‘पांढरी’ आणि शेताची जमीन म्हणजे ‘काळी’. पांढरीभोवती गावकूस, गावकुसाला वेस. आत आळ्या, पार, चावडी, देऊळ. आणि कुसाबाहेर महारवाडा, मांगवाडा, त्यांचा पाणवठाही वेगळा. बऱ्याच गावांत महारवाडा पूर्वेला सापडतो. वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, तेव्हा या दिशेचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

आता वेशीपाशी जरा थांबू, कारण खरा इतिहास इथे आहे. वेशीवर पहारा कुणाचा? वेसकराचा. वेसकर कोण? महार. शिवेचा तंटा पडला तर कुणाची साक्ष मोलाची? महाराची, कारण गावाची हद्द पायाखालून घातलेला माणूस तोच. सरकारी वसूल पोचवायला, सांगावा घेऊन रानोमाळ पळायला, मेलेले ढोर ओढायलाही तोच. म्हणजे गावाचा नकाशा ज्याला सर्वांत जास्त पाठ, गावाची राखण ज्याच्या काठीवर, त्याचेच घर त्या राखणीच्या बाहेर! दरोडा पडला तर पहिला घाव त्याच्याच झोपडीवर.

ही विसंगती कुणाच्या लक्षात आली? बाबासाहेबांच्या. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी थेट प्रश्न विचारला की अस्पृश्य गावाबाहेर का राहतात. अस्पृश्य ठरले म्हणून गावाबाहेर हाकलले, हे सर्वांना पटणारे उत्तर त्यांनी स्वीकारले नाही. टोळ्यांच्या लढायांत फुटून विखुरलेली माणसे स्थिरावलेल्या गावांच्या आश्रयाला आली, रक्ताच्या नात्यातली नव्हती म्हणून सीमेवर वसवली गेली आणि त्यांच्याकडे पहाऱ्याचे काम आले, असा त्यांचा सिद्धांत आहे. बाहेर राहणे आधीचे, अस्पृश्यता नंतरची. पुराव्यादाखल त्यांनी ‘अंत्यज’, ‘अंत्यवासी’ हे शब्द तपासले, महारांचे बावन हक्क मांडले, आयर्लंड आणि वेल्समधल्या गावाबाहेर राहणाऱ्या परक्या लोकांची उदाहरणे दिली. परकेपणा तिथे कालांतराने मिटला, इथे मिटला नाही. का, याची चिकित्सा ग्रंथात पुढे आहे, ती मुळातूनच वाचा.

या सिद्धांतावर विद्वानांनी वाद घालावा, जरूर घालावा. पण पद्धत बघा. ज्याला बाकीचे ‘गावाची रचना’ म्हणून सोडून देत होते, ती रचनाच बाबासाहेबांनी दस्तऐवज म्हणून वाचली. वाड्यातले मोडीचे रुमाल जपले गेले, कारण ते लिहिणाऱ्याकडे दौत होती. आपल्याकडचा कागद म्हणजे गावकुसाबाहेरची ती जागा.

ही रचना त्यांनी अंगावरही झेलली होती. याच सातारा जिल्ह्यात १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे कोरेगावला निघालेल्या लहानग्या भीमाला जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट पैसे देऊन गाडी मिळाली, तीही पोरांनीच हाकायची, आणि वाटेत प्यायला पाणी नाही. पुढे १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडणारा माणूस हाच. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडले.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले, महारवाडा हा पत्ता कुणी का मिरवावा? पण पाटी बदलल्याने घर जागचे हलले नाही. जुनी नावे पुसली जातील, जुनी दगडमातीची घरे पडून घरकुले उभी राहतील, आणि वीस वर्षांनी तोच वाटाड्या सांगेल की या गावात सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. तेव्हा आपल्याकडे दाखवायला काय असेल?

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की आपापल्या गावात आपली फेरी आपणच काढा, आणि ती वाड्यापासून सुरू करू नका. तक्क्यापासून करा. आज तिथे विहार असेल किंवा समाजमंदिर, पण जुनी जागा कोणती हे आजीला विचारा. मग आपला पाणवठा, नंतर वतनाची जमीन, ती आज कुणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावर पाहा. तिथून वेशीकडे, चावडीकडे, आणि शेवटी वाड्याकडे. वाटेत म्हाताऱ्या माणसांना विचारत चला. कोणत्या बोळातून जाताना चप्पल हातात घ्यावी लागे? लग्नाची वरात कुठून वळवावी लागे? चावडीवर उभे राहायची जागा कोणती? उत्तरे मोबाइलमध्ये त्यांच्याच आवाजात नोंदवा, कागदावर हाताने नकाशा काढून त्यावर तारीख घाला, आणि एक प्रत गावच्या शाळेतही द्या.