सन १३४०, पण कोणता? भोकरच्या दप्तरातील एका अक्षराची गोष्ट

भोकर परिसरातील एखाद्या घरात निजामकालीन उर्दू कागद निघाला आणि त्यावर ‘सन १३४०’ असे वाचले गेले, तर तो कागद नेमका केव्हाचा? फसली सन असेल तर इ.स. १९३०-३१, हिजरी असेल तर १९२१-२२. आकडा एकच, अंतर नऊ वर्षांचे. निर्णय करते ते आकड्याजवळचे एक अक्षर. ‘फे’ म्हणजे फसली, ‘हे’ म्हणजे हिजरी.

हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. सौर वर्षाहून ते अकरा दिवसांनी आखूड, म्हणून हंगामाशी त्याचा मेळ राहत नाही. सारा मात्र पिकावरच वसूल करावयाचा! यावर मोगलांनी काढलेला तोडगा म्हणजे फसली सन. ‘फसल’ म्हणजे पीक. दख्खनेत तो शाहजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास, सुरू झाला. त्या वेळी चालू असलेला हिजरी १०४६ हाच आकडा त्याने उचलला आणि पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. साधारण तेहतीस वर्षांत हिजरी एका वर्षाने पुढे सरकते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, त्या दिवशी हिजरी १३६७ होते आणि फसली १३५७.

संगणकावर काम करणाऱ्या वाचकांना हे दुखणे ओळखीचे वाटेल. जावा भाषेत तारखेचा साचा लिहिताना लहान ‘वाय’ चार वेळा लिहिला तर नेहमीचे वर्ष मिळते, मोठा ‘वाय’ लिहिला तर आठवड्यांच्या हिशेबाचे. मग २९ डिसेंबर २०२५ या तारखेचे वर्ष ‘२०२६’ असे उमटते. एरवी वर्षभर सारे सुरळीत, म्हणून चूक लवकर सापडतही नाही. नागरीत आणि उर्दूत लहान-मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे आपण या भेदाकडे सहज काणाडोळा करतो.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींना वंशावळीचा पुरावा म्हणून नवे मोल आले आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. अशा वेळी नऊ-दहा वर्षांच्या चुकीने आजोबाची नोंद नातवाच्या नावे जाऊ शकते. आणि ‘१३४०’ हा आकडा कुणी तसाच इसवी तारखेच्या रकान्यात भरला, तर पणजोबा बहमनी राज्याच्या स्थापनेआधीच (१३४७) जन्माला येतात!

उपाय अवघड नाही. मूळ सन जसा लिहिला आहे तसा एका रकान्यात, सनाचा प्रकार दुसऱ्यात आणि रूपांतरित इसवी तारीख तिसऱ्यात ठेवावी. अक्षर पुसट झाले असेल तर महिना वाचावा. आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे फारसी नाव आले तर सन फसली. मोहरम, सफर, शव्वाल आले तर हिजरी. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९० मिळवावेत, पुढे ५९१. महिनाही फाटून गेला असेल, तर दोन्ही शक्यता नोंदवून इसवीचा रकाना रिकामा ठेवावा.