नोत्र-दामच्या दारातील विवाह

राजकारणासाठी जुळवलेल्या सोयरिकी इतिहासात पुष्कळ सापडतात. परंतु वैऱ्यांच्या घरात मुलगी देऊन तह पक्का करण्याचा जो प्रयत्न फ्रान्समध्ये 1572 साली झाला, त्याइतका दारुण शेवट क्वचितच कोणत्या सोयरिकीला आला असेल.

1562 पासून फ्रान्समध्ये कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यात यादवी पेटली होती. 1570 च्या तहानंतर राजमाता कॅथरीन द मेदिची हिने आपली कन्या मार्गरीत हिचा विवाह प्रॉटेस्टंट पक्षाचा तरुण नेता, नवारचा हेन्री याच्याशी ठरविला. वधू एकोणीस वर्षांची, वर अठरा वर्षांचा. 18 ऑगस्ट 1572 रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिरासमोर उभारलेल्या मंचावर विवाह लागला. त्यानंतर वधू मिस्सासाठी आत गेली. वर बाहेरच राहिला. एका उंबरठ्याने दोघांना विभागले, ते असे! वधू होकार देईना, तेव्हा राजाने तिची मान पुढे ढकलली, अशी आख्यायिका पुढे प्रसृत झाली. ती खरी असो वा नसो, तिच्या मनाचा कौल कोणी घेतला नव्हता, हे मात्र उघड आहे.

अवघ्या सहा दिवसांनी, संत बार्थोलोम्यूच्या सणादिवशी, लग्नाला आलेल्या वऱ्हाडाचीच कत्तल सुरू झाली. पॅरिसमध्ये व नंतर इतर शहरांत हजारो प्रॉटेस्टंट मारले गेले. ज्यांच्या नावाची दिनदर्शिका आज आपण वापरतो, त्या परमगुरू ग्रेगरी तेरावे यांनी रोममध्ये आभारगीत गाविले आणि स्मृतिपदक काढविले. हे वाचताना आमची मान खाली जाते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1997 साली, त्याच तिथीच्या पूर्वसंध्येस, पॅरिसमध्येच या पापाचा उल्लेख केला, हे ख्रिस्तसभेला भूषणावह आहे.

त्या संकटात मार्गरीत कशी वागली? हा विवाह रद्द करून घेण्याचा मार्ग आईने तिला सुचविला. पतीचा घात करण्यासाठीच आपल्याला त्याच्यापासून दूर केले जात आहे, हे ओळखून तिने नकार दिला, असे ती आपल्या आठवणींत सांगते. प्रीती नव्हती, तरी निष्ठा होती.

तथापि संसार फुलला नाही. दोघे दुरावले, मूलबाळ झाले नाही. 1589 साली हेन्री फ्रान्सचा राजा झाला, 1593 मध्ये त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि 1598 मध्ये नांतच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना उपासनेची मुभा दिली. लग्नाने न साधलेली शांती न्यायाच्या कायद्याने काही अंशी साधली. 1599 साली विवाह रद्दबातल ठरला. जवळचे नाते व मुक्त संमतीचा अभाव ही कारणे पुढे आली होती.

नवल असे, की बंधन सुटल्यावर दोघे मित्र झाले. 1605 मध्ये मार्गरीत पॅरिसला परतली, हेन्रीच्या दुसऱ्या पत्नीपासून झालेल्या पुत्रावर तिने माया केली व त्यालाच आपला वारस नेमले.

विवाहापूर्वी आम्ही धर्मगुरू वधूला व वराला वेगवेगळे बसवून विचारतो, ‘तुम्ही हे स्वखुशीने करीत आहात ना?’ काही आईबापांना तो निव्वळ उपचार वाटतो. जमिनीचा तंटा मिटावा, दोन घरांतील अबोला सुटावा, म्हणून मुलीचा हात देणारे आजही आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे: तंटा तुमचा आहे, तो तुम्हीच मिटवा. लेकराच्या गळ्यात तो बांधू नका.