बोध: एक मासा आणि न झालेली धरणे

हेमलकशाहून भामरागड जेमतेम तीन किलोमीटर. तिथे पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचते. मी गेलो तो उन्हाळ्यात. पाणी उतरले होते, खडक उघडे पडले होते. ज्या माशाच्या मागावर होतो, त्याचे घर म्हणजे हेच खडक.

इंद्रावतीच्या वरच्या अंगाला, बस्तरात, त्याला 'बोध' म्हणतात. मिशांचा, बिनखवल्यांचा, शिंगाळ्याच्या दूरच्या गोतातला. पण वाढला तर माणसाच्या उंचीला येणारा. डोके चपटे, डोळे बारीक, कातडी खरखरीत. पिवळट तपकिरी अंगावर काळे आडवे पट्टे आणि शेपटीची टोके दोऱ्यासारखी लांबलेली. पोट सपाट आणि छातीचे पर आडवे पसरलेले असल्यामुळे धो धो प्रवाहातही तो तळाच्या दगडांना चिकटून पडून राहतो आणि समोर येणारे मासे, झिंगे गट्ट करतो. साचलेले पाणी त्याच्या कामाचे नाही.

शास्त्राच्या दप्तरात हा मासा दोनदा नोंदला गेला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याला 'बगारियस' म्हटले. हे नाव बंगाली 'बाघाइड़'वरून आलेले. पट्ट्यांमुळे बाघ, म्हणजे आपला वाघ. दुसरी नोंद थेट पुण्याची. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम साइक्स यांनी मुळा-मुठेतला असाच मासा १८३९ साली 'यॅरेली' या नावाने प्रसिद्ध केला. विल्यम यॅरेल हे लंडनमधले वर्तमानपत्रांचे विक्रेते आणि ब्रिटिश माशांवरच्या नामवंत ग्रंथाचे कर्ते. गंमत अशी, की त्याच लेखात साइक्स यांनी इतर माशांना भोयांच्या तोंडची नावे ठेवली: खुद्री, कोलस, मुसुल्ला, नुक्ता. ती आजही शास्त्रात चालतात. मराठी बोलीला एवढा मान क्वचितच कुणा साहेबाने दिला असेल. पण त्यातल्या सर्वांत दांडग्या माशाला मात्र लंडनच्या मित्राचे नाव मिळाले.

आजची मुळा-मुठा पाहणाऱ्याला हे सारे दंतकथेसारखे वाटेल. १८७९च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले, पुढे आणखी धरणे आली, मग शहराचे सांडपाणी. वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्याचा मासा तिथे राहणार कुठे? म्हणून मला इंद्रावतीचे मोल वाटते. आणि ती अशी राहिली यात नशिबापेक्षा माणसांचा वाटा मोठा आहे.

गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा १९८० साली आला. त्या काळात या खोऱ्यासाठी दोन मोठी धरणे आखलेली होती: इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि संगमाच्या खाली गोदावरीवर इंचमपल्ली. माडिया-गोंडांची गावे आणि अफाट जंगल पाण्याखाली जाणार होते. लाल श्यामशाह आणि बाबा आमटे यांनी विरोध उभा केला. बाबांनी हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू केला होता. बुडणार होती ती माणसे त्यांच्या दवाखान्यात येणारीच होती. १९८३ साली त्यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहिले. 'जंगल बचाओ, मानव बचाओ' ही त्या आंदोलनाची घोषणा. मासा तीत नव्हता, आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही; माणसे वाचवायची असताना माशाचे नाव कोण घेईल? दोन्ही धरणे मागे पडली आणि बोधच्या घरातले पाणी वाहते राहिले.

वर बस्तरात, बारसूरजवळ, त्याच नदीवर तिसरे धरण आखलेले आहे. १९७९ साली पायाभरणी झाली, मग वनसंवर्धन कायद्यात ते अडकले, आणि २०२० साली छत्तीसगडने ते पुन्हा हाती घेतले. त्याचे नाव बोधघाट.