एका छापाखाली इतके खेळ कसे?

मेरठ किंवा जालंधरच्या एखाद्या जुन्या कंपनीची मालाची यादी पाहिली तर त्यात सीझन बॉल असतो, बॅट असते, हॉकी स्टिक, फुटबॉल आणि बॉक्सिंगचे हातमोजेही असतात. खेळाच्या बाजूनं पाहिलं तर या वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नाही. हॉकीपटूला बॉक्सिंगच्या हातमोज्यांचं काय काम? आजच्या व्यापाराची भाषा याला ब्रँडचा विस्तार म्हणेल. पण या कंपन्यांच्या आजोबांनी ब्रँड हा शब्द ऐकण्याआधीच यादी एवढी लांबली होती. माझ्या मते ती खेळांची यादी नव्हेच, एका गावातल्या कारागिरांना काय काय येत होतं त्याची ती नोंद आहे. आणि ते गाव म्हणजे आज पाकिस्तानात असलेलं सियालकोट.

सियालकोटला इंग्रजांची छावणी होती, आणि छावणी आली की टेनिस, हॉकी, क्रिकेट मागोमाग आलंच. एका साहेबाची रॅकेट मोडली, स्थानिक कारागिरानं ती दुरुस्त केली आणि धंदा सुरू झाला, अशी कथा तिथं सांगतात. अशा कथा जरा जास्तच नेटक्या असतात. एवढं खरं, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरदार गंडा सिंग उबेरॉय यांच्यासारखे उद्योजक तिथं कारखाने चालवत होते. त्यांना लाकूड पुरवणाऱ्या जंगलांपैकी एक होतं लाहोरजवळचं छांगा मांगा. १८६६ मध्ये ते लावलं रेल्वेच्या इंजिनांना सरपण मिळावं म्हणून. कालव्याच्या पाण्यावरच्या त्या रानात पक्ष्यांनी बी पसरवलं आणि तुती माजली. तुतीचं लाकूड चिवट, वाफ दिली की वाकतं आणि मोडत नाही. त्यामुळे वाकवायचं कसब ज्याच्या हातात, तो सकाळी रॅकेटची चौकट करू शकत होता आणि दुपारी हॉकी स्टिकचं टोक. चामड्याचंही तेच.

फुटबॉल शिवणारा माणूस दोन गुडघ्यांत लाकडी चिमटा धरतो, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात, आणि भोकातून दोन्ही सुया समोरासमोर ओढून टाका आवळला जातो. बत्तीस तुकड्यांच्या चेंडूला सहाशेहून जास्त टाके लागतात. शेवटचे टाके सगळ्यांत अवघड, कारण आत हात घालायला जागा उरत नाही आणि गाठ तर आतच दडवायची असते. क्रिकेटच्या चेंडूचं शिवणकाम वेगळं. आत बुचाचा गाभा आणि गच्च आवळलेली लोकर, वर चामडं, मधोमध शिवणीच्या सहा ओळी. तरी दोऱ्याला नेमका किती ताण द्यायचा ही जाण दोन्हीकडे एकच.

या म्हणण्याची कसोटी १९४७ नं घेतली. फाळणीत सियालकोटचे हिंदू आणि शीख मालक निघून आले. केदारनाथ आणि द्वारकानाथ आनंद या बंधूंनी १९३१ मध्ये सियालकोटला सुरू केलेली कंपनी पुढे मेरठला उभी राहिली. आपण जिला एसजी म्हणतो आणि सुनील गावसकर जिच्या बॅटी वापरत, ती हीच. निर्वासित उद्योजकांनी शून्यातून विश्व उभं केलं, असं हे नेहमी सांगितलं जातं. त्यात खोटं काही नाही, पण शून्य म्हणणं अन्यायाचं आहे. जालंधरच्या भार्गव कॅम्पात आणि आसपासच्या वस्त्यांत सियालकोटकडून आलेले मेघ समाजाचे लोक वसले. ते मूळचे विणकर, अस्पृश्य गणले गेलेले, आणि सियालकोटच्या कारखान्यांत त्यांच्यापैकी अनेकांचा हात खेळाच्या सामानावर बसलेला होता. जालंधरचा धंदा त्यांच्या सुईवर उभा राहिला. उलट सियालकोटमध्ये मालक गेले, मुसलमान कारागीर राहिले, आणि धंदाही राहिला. नुसत्या मालकानं धंदा चालत असता तर ते गाव तेव्हाच बसलं असतं.

यावर कुणी म्हणेल, विलायतेतले गिऱ्हाईक, उधारीची पत, परवाने हे सगळं मालकांकडेच होतं. बरोबर आहे, आणि म्हणूनच चेंडूची किंमत कधी शिवणाऱ्यानं ठरवली नाही. त्याला नगावर मजुरी मिळाली, घरातली पोरंही सुई घेऊन बसली, आणि जगभर ओरड झाल्यावर १९९७ मध्ये सियालकोटच्या उद्योगाला बालमजुरीविरुद्ध अटलांटा करार करावा लागला. माझं म्हणणं एवढंच की काय बनेल आणि कुठे बनेल हे हातांनी ठरवलं, नफा कुणाचा हे नव्हे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. बॅटीचा विलो काश्मीरचा किंवा इंग्लंडचा, मुठीचा वेत आग्नेय आशियातला. मग मेरठचं त्यात काय? तर फळी दाबून कठीण करणं आणि पात्यात मूठ पाचरीसारखी बसवणं. लाकूड बोटीनं आणता येतं, ते बसवणारा सुतार मागवता येत नाही.

ही यादी पुढे फुटली ती मात्र खेळांच्या नियमांमुळे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली, मग काठीत फायबर आणि कार्बन आलं, नियमांनी ते चालू दिलं, आणि तुती वाकवणाऱ्या जालंधरच्या हातांना गिऱ्हाईक कमी झालं. फुटबॉलमध्ये २०१४ च्या विश्वचषकाचा ब्राझुका सियालकोटमध्येच बनला, पण सहा तुकड्यांचा आणि उष्णतेनं चिकटवलेला. त्यात टाका नाहीच, त्यामुळे तिथं यंत्रात भांडवल घालणारा जिंकला. क्रिकेटचं उलट झालं. डेनिस लिलीनं डिसेंबर १९७९ मध्ये पर्थला ॲल्युमिनियमची बॅट आणली, गदारोळ झाला, आणि त्यानंतर पातं लाकडाचंच हवं असं नियमात आलं. भारतातल्या कसोटी सामन्यांचा एसजी चेंडू आजही हातानं शिवला जातो, आणि त्याच्या उठावदार शिवणीवर फिरकी गोलंदाज खूश असतात. मेरठच्या सुताराचं काम टिकलं त्यात त्याच्या कसबाइतकाच लॉर्ड्सवरच्या नियमकर्त्यांच्या जुनाट आवडीनिवडीचाही वाटा आहे.