विज्ञानमालिकेचे संकेत आणि निर्मितीचा हिशेब

मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेने एक निकष जवळजवळ आरंभापासून गृहीत धरलेला आहे. कथेतील अद्भुत हे ज्ञात विज्ञानाच्या तर्कशुद्ध विस्तारातून यावे, हा तो निकष होय. जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर' या कथेला मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले (ती त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली होती). १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला आणि निकषाला प्रतिष्ठा लाभली. मुद्रित कथेपुरता तो उपयुक्तच आहे. दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकेला मात्र तोच लावला की मालिका 'बालिश' ठरते आणि विषय संपतो. केतन मेहतांच्या 'कॅप्टन व्योम'ची (१९९८) बोळवण बहुधा अशीच झाली. प्रश्न मालिकेच्या गुणवत्तेचा नाही. ती कोणत्या नियमांनी वाचायची, याचा आहे.

कागदावर अवकाशयान परग्रहावर उतरविण्यास एक वाक्य पुरते. स्टुडिओत त्याच वाक्याला सुतार, रंगारी, प्रकाशयोजनाकार आणि पैसा लागतो. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झालेली 'स्टार ट्रेक' ही मालिका या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरताना दाखविणे डेसिलू या निर्मितीसंस्थेच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून माणसे एका ठिकाणी विरघळतात आणि दुसऱ्या ठिकाणी प्रकट होतात, ही युक्ती योजली गेली. यानाची 'स्वयंचलित' दारे पडद्याआडची माणसे ओढत. डॉक्टरांची काही उपकरणे म्हणजे जेवणाच्या टेबलावरील मीठदाण्या होत्या. येथे महत्त्वाचे हे की, खर्चातून जन्मलेली तडजोड पुढे कथाविश्वाचा नियम बनते. विरघळण्याचे यंत्र बिघडले की कथानक घडते, ते कोठे चालत नाही यावर ताण उभा राहतो. आपल्या लोकनाट्यात पात्र रंगमंचावर एक फेरी मारते आणि गाव बदलते, तोच हा व्यवहार. साधनांच्या अभावाचे रूपांतर संकेतात होते आणि प्रेक्षक त्या संकेताला संमती देतो. विज्ञानाची कसोटी येथे दुय्यम ठरते.

ऐंशीच्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखविली जात असे. सिंहगडावरील सहक्षेपण केंद्र १९७३ पासून कार्यरत असल्यामुळे मुंबई दूरदर्शन पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगारवस्तीत पोहोचलेले होते. या पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी. त्यामुळे रविवारच्या सकाळी पहिल्या पाळीचा कामगार यंत्रासमोर आणि त्याची मुले पडद्यासमोर, असे विभाजन आपोआप होई. शिवाय भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले तरी बहुसंख्य घरांतील संच कृष्णधवलच होते. 'स्टार ट्रेक'मधील सदऱ्यांचे रंग हे केवळ सजावट नव्हेत: सोनेरी म्हणजे नेतृत्व, निळा म्हणजे विज्ञान आणि वैद्यक, तांबडा म्हणजे अभियांत्रिकी आणि सुरक्षा. कृष्णधवल संचावर हे तिन्ही रंग करड्याच्या छटा झाले. गणवेशावरून खाते ओळखण्याची सवय असलेल्या वस्तीत त्या यानातील श्रमविभागणीची चिन्हव्यवस्था अशी पुसली जावी, हा विरोधाभास मोठा बोलका आहे. संहिता तीच, पण ग्रहण करणाऱ्या यंत्राने तिचा एक थर खरवडून टाकला.

आकाशगमनाच्या दृश्याची एक देशी परंपरा मात्र याच परिसराच्या कथेत आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक वसाहतींच्या सान्निध्यातले देहू हे तुकोबांचे गाव. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' (१९३६) या दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटात अखेरीस गरुडाच्या आकाराचे विमान त्यांना न्यायला येते. ते दृश्य घडविणाऱ्या 'प्रभात'च्या पुण्यातील आवारातच १९६० मध्ये शासनाची चित्रपटशिक्षण संस्था सुरू झाली आणि केतन मेहतांचे शिक्षण तेथेच झाले. यातून थेट प्रभाव सिद्ध होत नाही, आणि तसा आग्रहही नाही. परंतु 'व्योम'च्या प्रेक्षकाला उडते वाहन पाहण्याची दृष्टी 'कृष्णविवर'ने दिलेली नव्हती. ती या चमत्कारदृश्यांनी घडविलेली होती, एवढे म्हणता येईल.

'कॅप्टन व्योम'चा काळ इ. स. २२२०. गुरूच्या एका उपग्रहावरील तुरुंगातून बारा भयंकर गुन्हेगार निसटतात आणि त्यांना पकडण्याची कामगिरी मिलिंद सोमण यांनी साकारलेल्या नायकावर येते. विश्वप्रमुखाच्या भूमिकेत टॉम ऑल्टर होते. 'बारा' हा आकडा कथनाच्या दृष्टीने निरागस नाही. एक गुन्हेगार म्हणजे काही भागांचा एक घटक. नायक आणि त्याचे सहकारी कायम, प्रतिनायक तेवढा बदलायचा. सुटे भाग बदलता येतील अशी ही जुळणी आहे, आणि साप्ताहिक निर्मितीच्या गरजेला ती चपखल बसते. राक्षस एकेक करून मारण्याची पौराणिक चौकट आणि कारखान्याची जुळणीसाखळी येथे बेमालूम एकत्र येतात. मला तरी मालिकेचे हे अंग तिच्यातील विज्ञानापेक्षा कितीतरी अधिक विचारप्रवर्तक वाटते.

तिची उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. संगणकीय चित्रणाने 'व्योम'च्या निर्मात्यांना जे दिले, ते 'स्टार ट्रेक'च्या निर्मात्यांपाशी नव्हते: हवे ते दृश्य दाखवू पाहण्याची मुभा. मुभा आली आणि तडजोडीचा दाब सैल झाला. जे सहज दाखविता येते त्याला नियम शोधावा लागत नाही, आणि नियम नसला की प्रेक्षकाने संमती द्यायची ती कशाला? म्हणूनच त्या मालिकेतील चित्रणतंत्र जुने झाल्यावर उघडे पडते. मीठदाणी मात्र अजून उपकरण म्हणून चालून जाते. 'प्रभात'च्या गरुडविमानाचाही नियम कडक होता. ते एकदाच येते, अखेरीला येते आणि एकट्या तुकोबांना घेऊन जाते. जिजाई जमिनीवर राहते आणि आपण त्या उड्डाणाकडे तिच्या बाजूने पाहतो.