सिरोंचा

महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि एके काळचे होऊ घातलेले नदीबंदर. प्राणहितेच्या डाव्या तीरावर, गोदावरी-संगमाच्या थोडे वर वसलेले. पैलतीरी तेलंगण आणि संगमावरचे कालेश्वर क्षेत्र. कचेरीत मराठी, बाजारात तेलुगू असा येथला रिवाज आहे.

समुद्रावरची गलबते येथवर कधी आली नाहीत. येथून त्यांच्या दिशेने गेले ते सागवान. अहेरी-आलापल्लीच्या रानातील लाकूड पुराच्या पाण्यावर राजमहेंद्रीकडे सोडले जाई. ताजा साग पाण्यात बुडतो. त्यामुळे ओंडके आधी वाळवावे लागतात, नाहीतर बांबूंच्या आधाराने तराफे बांधावे लागतात. गोदावरीच्या मुखाशी असलेल्या कोरिंगा बंदरात जहाजे बांधण्याचा व दुरुस्तीचा धंदा होता. 1839 च्या वादळाने ते बंदर उद्ध्वस्त केले.

धवळेश्वरचे धरण बांधणाऱ्या आर्थर कॉटन यांना रेल्वेपेक्षा जलमार्गाचा भरवसा अधिक. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून थेट समुद्रावर उतरवावा, ही त्यांची कल्पना. 1860 च्या तहाने निजामाने डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांना दिले आणि सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. येथील डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांचे नाव जवळच्या ग्लासफोर्डपेठा या गावाने अजून जपले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) मँचेस्टरला कापसाची टंचाई भासली, तशी योजनेची निकड वाढली.

अडचण खडकांची होती. समुद्राकडून वर येताना दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी अशा तीन ठिकाणी पात्रात खडकांचे अडसर आहेत. तेथे बंधारे, कालवे आणि नावा चढवण्या-उतरवण्याची दारे बांधायची होती. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली काम चालले. अडसर दूर झाले असते, तरी उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूवर उपाय नव्हता; भरवशाचा हंगाम पावसाळ्याचे चार महिने आणि वर थोडे दिवस, एवढाच. ज्या व्यापाऱ्याचा कापूस हिवाळ्यात वेचून बाजारात येतो, त्याला ही नदी काय कामाची? 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापूस मुंबईकडे वळला. 1871 मध्ये सरकारने काम सोडले, 1874 मध्ये जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात आले. 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्यात आहे.

2019 मध्ये संगमाच्या खाली मेडिगड्डा बंधारा उभा राहिला. त्याच्या फुगवट्याने तालुक्यातील नदीकाठच्या शेतात पाणी शिरते, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. कापूस ज्या रेल्वेने पळवला, ती सिरोंच्यापर्यंत अद्याप आलेली नाही.