कुतहून घराकडे

१९१६ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस बेळगाव शहरात मोठी गर्दी लोटली होती. मुंबई प्रांतिक परिषदेसाठी लोकमान्य टिळक आले होते, गांधीजीही आले होते, आणि २८ एप्रिल रोजी येथेच टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, तैग्रिस नदीच्या एका वळणावर वसलेल्या कुत-अल-अमारा या गावी जनरल टाउनशेंड यांच्या सेनेने तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेविली. शरण गेलेल्या सुमारे १३ हजार माणसांत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. कोकण, घाटमाथा, कोल्हापूर आणि बेळगावकडचा मुलूख येथील शेतकऱ्यांची ती मुले. बेळगावात स्वराज्याची मागणी उच्चरवाने होत असता ही मुले बंदिवासाच्या वाटेला लागत होती. परंतु त्या दिवशी मंडपातील कोणासही याची वार्ता असणे शक्य नव्हते.

कुतचा वेढा जवळजवळ पाच महिने चालला. तो उठविण्यासाठी धडपडलेल्या सैन्याची २३ हजारांच्या आसपास माणसे मेली वा जायबंदी झाली. ज्यांना सोडवायचे त्यांच्याहून सोडविणारेच अधिक कामी आले. धान्य सरत चालले तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. बहुसंख्य हिंदी शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या अनुज्ञा तारेने मागविण्यात आल्या, तरीही हात पुढे होईनात. या हट्टाला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. शिपायाच्या मनात मात्र गाव होते. आपण जिवंत परतलो, आणि जातीने पंक्तीतून उठविले, मुलीचे लग्न जमेना, तर त्या जगण्याचा उपयोग काय, हा त्याचा हिशेब. पोटात अन्न नसताही त्याने घरी परतण्याची वाट मोकळी राखली होती. अखेर एप्रिलमध्ये भुकेने आणि रोगाने तो निग्रह मोडला. विमानांतून पिठाची पोतीही टाकून पाहण्यात आली. वेढ्यातील सैन्यास आकाशमार्गे रसद पोहोचविण्याच्या जगातील पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक होय. ती रसद पुरी पडली नाही.

शरणागतीनंतर अधिकारी आणि शिपाई यांना एकमेकांपासून तोडण्यात आले. शिपायांचे तांडे बगदाद, मोसूल असे करीत वाळवंटातून उन्हाळ्यात पायी हाकलले गेले, आणि त्यांतील पुष्कळांना रास-अल-ऐन येथे रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपण्यात आले. वाटेत किती जण गळाले याचा नेमका हिशेब पुढेही कधी लागला नाही. ‘बेपत्ता’ हा सरकारी दप्तरातील शब्द त्या वर्षी घरोघरी कळला. अकरा रुपये पगाराच्या शिपायाच्या घरी मनीऑर्डर येईनाशी झाली की पोस्टमनकडे पाहण्याची दृष्टीच बदले. मृत्यूची तार आली तर सुतक तरी धरता येते. बेपत्ता शिपायाच्या पत्नीने कुंकू ठेवावे की पुसावे, याचे उत्तर कोणत्या कचेरीने द्यावे?

मदत करणारे हात तेव्हाही नव्हते असे नाही. मुंबई इलाख्याच्या युद्धसाहाय्य निधीची एक महिला शाखा होती आणि तिची सूत्रे गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या हाती होती. स्त्रिया एकत्र बसून सदरे, मोजे, रुग्णांसाठी लागणारे कपडे शिवीत आणि त्यांच्या पेट्या जहाजाने बसऱ्याकडे रवाना होत. बगदादच्या मोहिमेत सरकारची वैद्यकीय व्यवस्था किती तुटपुंजी होती, हे १९१७ साली चौकशी समितीच्या अहवालाने जगापुढे आणले. तेव्हा या पेट्यांचे मोल कमी लेखता येत नाही. मात्र कुतच्या बंदिवानांपर्यंत त्यांतले थोडेच पोहोचले. त्यांना मिळाली ती थोडीबहुत पैशाची मदत बगदाद आणि अलेप्पो येथील अमेरिकी वकिलातींच्या खटपटीने मिळाली, आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका व तुर्कस्तान यांचे संबंध तुटल्यावर तीही वाट अडखळली.

या मदतीला आणखी एक बाजू होती. लोकमान्यांचा सैन्यभरतीस विरोध नव्हता. आमच्या तरुणांना अधिकाराच्या जागा द्या आणि मग माणसे मागा, असे त्यांचे म्हणणे. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी स्वराज्याचा विषय काढताच लॉर्ड विलिंग्डन यांनी त्यांना अडविले आणि टिळक सभा सोडून बाहेर पडले. ज्या घरातून शिपायांसाठी मोज्यांच्या पेट्या जात होत्या, त्याच घराच्या यजमानास शिपायांच्या देशाचे म्हणणे ऐकून घ्यावेसे वाटले नाही.

तुर्कांशी तह झाला तो ३० ऑक्टोबर १९१८ रोजी. त्याच दिवशी तैग्रिसकाठी शरकत येथे तुर्की सैन्य शरण आले. त्या लढाईत ११४ क्रमांकाच्या मराठा पलटणीने मोठे नाव कमावले. त्यानंतर कुतचे बंदिवान परतू लागले. पलटण वाजतगाजत आली असे घडले नाही. ती आली पाच-दहांच्या तुकड्यांनी. आधी डेपोत हजेरी, थकलेला पगार, नवे कपडे, आणि मग रजा. मुंबईच्या गोदीत उतरलेला शिपाई पुण्यावरून मीटरगेजच्या गाडीने मिरजेस येई. बेळगावचा पुढे जाई, कोल्हापूरचा गाडी बदली. निपाणीस रेल्वे नव्हती. त्या बाजूच्या माणसाने चिकोडी रोड स्टेशनावर किंवा कोल्हापुरास उतरावे आणि उरलेली वाट बैलगाडीने नाहीतर ट्रंक डोक्यावर घेऊन चालावी.

आणि गावी काय होते? १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात शिरलेला इन्फ्लुएन्झा रेल्वेच्या रुळांवरून खेडोपाडी पोहोचला होता. सप्टेंबर-ऑक्टोबरातील त्याच्या दुसऱ्या लाटेने एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे नेली, आणि त्याच वर्षी पाऊसही फसला. अडीच वर्षे ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले तो वेशीवर उभा राहिला, तेव्हा देव पाण्यात ठेवणारेच नाहीसे झाले होते, असे त्या हिवाळ्यात किती घरी झाले असेल! परतलेल्याला पंक्तीत घ्यावे की न घ्यावे, हा वाद घालण्याइतकी माणसे तरी पुष्कळ घरांत उरली होती काय?

सरकारने १९१९ साली हिंदी सैनिकांसाठी एक मंडळ स्थापन केले, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून तशी मंडळे निघाली. पेन्शनीचे अर्ज, बेपत्तांच्या वारसांच्या कैफियती यांना निदान एक दार मिळाले. ११७ व्या पलटणीस ‘रॉयल’ हा किताब मिळाला. १९२२ साली मराठा पलटणींची फेररचना झाली. १०३ वी, म्हणजे जुनी जंगी पलटण, पहिली झाली; १०५ वी काळी पाचवी दुसरी; ११० वी तिसरी; आणि शरकत गाजविणारी ११४ वी शिक्षण देणारी पलटण झाली. तिचे ठाणे बेळगावात पडले. तोवर मराठा शिपायास गाव होते, परंतु पलटणींना मिळून एक घर नव्हते. ते आता झाले. कोकणातला आणि बेळगावकडचा, मराठी बोलणारा आणि कानडी बोलणारा पोरगा एकाच मैदानावर पाय आपटू लागला.

त्या घराची परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले आणि काळी पाचवी कैद झाली. या वेळी १९२९ चा जिनीव्हा करार होता. रेडक्रॉसची पार्सले होती. १९६२ साली चीनचे आक्रमण आले तेव्हा तर कोणा गव्हर्नरपत्नीच्या आवाहनाची गरजच उरली नव्हती. देशभर घरोघरी लोकरीचे गुंडे उलगडले, बांगड्या आणि मंगळसूत्रे राष्ट्रीय संरक्षण निधीत पडली. बेळगाव आणि निपाणी त्या वेळी म्हैसूर राज्यात होती आणि सीमेचा वाद धगधगत होता. तरीही हिमालयातील बर्फात उभ्या असलेल्या मराठा जवानाचे घर बेळगावच होते.

बेळगावच्या केंद्रात शरकतचे स्मारक आहे. दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक जुन्या गावांत मात्र पहिल्या महायुद्धाची खूण म्हणून चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसविलेली एक लहानशी शिळा एवढेच आढळते. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांतील इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नाव एकाचेही नाही.